अण्णांचं मधलं

आमच्या बिल्डिंगमध्ये मेंटेनन्स हा शब्द चालत नसे. म्हणजे कुणी बोललं तर दंड नव्हता, पण अण्णांच्या कानावर पडला की ते कानामागं हात धरून विचारायचे, "काय म्हणालासा?" आपण पुन्हा म्हणायचं. ते पुन्हा विचारायचे. तिसऱ्यांदा आपण घसा ताणून ओरडलो की मान हलवायचे आणि म्हणायचे, "हां हां, मधलं म्हणा की मग!" कान त्यांचे शेवटपर्यंत ठणठणीत होते.

मधलं. म्हणजे काय, ते अण्णा पहिल्याच दिवशी सांगायचे. "तुमच्या दाराच्या आत तुमचं. माझ्या दाराच्या आत माझं. आणि ह्या दोन दारांच्या मधी जे काय हाय, जिना, दिवा, मोटर, लिफ्ट, टाकी, गटार, त्ये समदं मधलं. त्येला कोण वाली न्हाय. तवा दर म्हैन्याला सगळ्यांनी मिळून त्येला जेवू घालायचं." वर विचारायचे, "समजलं न्हवं?" आणि आपण होय म्हटलं तरी पुन्हा एकदा सांगायचे.

सीमाभागातल्या आमच्या शहरातली, अनगोळमधली बारा घरांची ही बिल्डिंग, तळमजला आणि वर तीन मजले. तिसऱ्यावर आम्ही दोघी, मी आणि आई. मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. आईचे गुडघे तेव्हाच गेलेले होते, त्यामुळं घर बघताना तिनं खोल्या किती, ऊन कुठून येतं, काही विचारलं नाही. "लिफ्ट हाय न्हवं?" एवढंच विचारलं. अण्णा तळमजल्यावर तीन नंबरात एकटे राहायचे. बायको फार लवकर गेलेली, मूलबाळ नाही. मूळचे सदलग्याचे जैन, पण सगळा जन्म संकेश्वरकडच्या एका साखर कारखान्यात फिटर म्हणून गेला आणि राहणं कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. उंच, काटकुळे, खाकी शर्ट. लोकांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला टेस्टर असायचा. बिल्डिंगचे ते सेक्रेटरी. निवडून कुणी दिलं होतं ते कुणालाच आठवत नव्हतं.

आम्ही राहायला आलो त्या महिन्याच्या एक तारखेला दुपारी साडेचारला दार वाजलं. मी शाळेतून यायची होते. आईनं दार उघडलं, तर खाकी शर्टातले हे गृहस्थ हातात पावतीपुस्तक पाठीमागं धरून उभे.

"आक्का, मधलं अजून आलं न्हाय," ते म्हणाले.

आता आमच्या आईचं माहेर-सासर दोन्ही खानापूरकडचं. तिच्या हिशेबी दुपारी साडेचारला म्हातारा माणूस दारात येऊन मधलं म्हणतो, म्हणजे मधल्या वेळचं खायला मागतो. दुसरं काय असणार? एकटा माणूस, करून घालणारं कोणी नाही. आईचं काळीज गलबललं. "बसा की अण्णा," म्हणाली आणि ताटलीभर भडंग घेऊन आली, वर ओलं खोबरं. अण्णा बसले. सगळं खाल्लं. लसूण त्यांना चालत नसे, तेव्हा लसणाच्या पाकळ्या तेवढ्या ताटलीच्या कडेला ओळीनं मांडून ठेवल्या. मग उठून मोरीत ताटली स्वतः धुतली, पुसली, आईच्या हातात दिली आणि म्हणाले, "झ्याक झालतं. आता मधलं द्या."

आईनं आणखी भडंग आणलं!

मी घरात शिरले तेव्हा अण्णा दुसरी ताटली खात होते आणि आई त्यांना आग्रह करत होती. प्रकार उलगडल्यावर आई पदराआड तोंड लपवून आत पळाली. अण्णा मात्र हसले नाहीत. "आक्कांचं काय चुकलं न्हाय," म्हणाले, "भूक लागली तर माणसानं खायाचं, न्हाय तर काय करायचं?" तेव्हापासून दर एक तारखेला आईकडून त्यांना दोन्ही मधली मिळायची. चिवडा बिनलसणाचा. ताटली कधी रिकामी परत आली नाही. धुतलेल्या ताटलीत पावतीची घडी आणि तिच्यावर गुळाचा खडा असायचा.

पण पहिल्या दिवशी माझ्याकडून त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी पाकीट उघडलं तर म्हणाले, "आदी चला."

"कुठं?"

"दाखवतो की. न बघता पैसं देत्यात व्हय कोण?"

मी दिवसभर सात तास वर्गावर घसा फोडून आलेली. पाय दुखत होते. म्हटलं, अण्णा, विश्वास आहे तुमच्यावर. तर म्हणाले, "विश्वास देवावर ठेवा, मोटर बघून घ्या." आणि निघालेच पुढं. झक मारत गेले मागोमाग.

आधी संप. आमच्याकडं जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीला संप म्हणतात. मागं पुण्याचे एक भाडेकरू आले होते, त्यांना अण्णांनी सकाळी सकाळी पाण्याबद्दल सांगितलं, "आज संप हाय, उद्या न्हाय," तर बिचारे दिवसभर रजा टाकून घरी बसले. अण्णांनी झाकण उचललं, मला वाकून बघायला लावलं. मग मोटर, मग मीटरची खोली, मग जिन्यातला प्रत्येक दिवा. दिव्याखाली भिंतीवर पेन्सिलीनं बारीक अक्षरात तो कधी बसवला ते लिहिलेलं. शेवटी गच्चीवर टाकी आणि तिच्या शेजारी लिफ्टच्या मशीनची खोली. आत ग्रीसचा वास. अण्णांनी मशीनवर तळवा ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि बोटानं दाखवलं.

"ह्यो दोर. तुमची आई ह्येच्यावर लोंबकळत वर येती. नमस्कार करा."

मी नमस्कार केला नाही. रागच आला होता. पैसे द्यायला ही काय यात्रा? पण खरं सांगते, त्या दिवसापासून लिफ्टमध्ये आईच्या शेजारी उभी राहिले की मला तो दोर दिसायचा. आणि महिन्याचे पैसे देताना हात आखडला नाही कधी.

अण्णांची पावतीपुस्तकं दोन होती. एक निळं, त्याच्यावर लिहिलं होतं 'रोजचं'. एक लाल, त्याच्यावर 'जन्माचं'. झाडलोट, विजेचं बिल, वॉचमनचा पगार, मोटरचं ग्रीस, हे निळ्यात. लिफ्टचा दोर, नवी मोटर, बाहेरचा रंग, गच्चीची गळती, हे लालात. आमच्या बिल्डिंगमध्ये चार-पाच घरांत भाड्यानं किंवा लीजवर राहणारे होते आणि दर वर्षी कोणी कशाचे पैसे द्यायचे यावरून तोंडं वाजायची. राहणारा म्हणायचा मालकानं द्यावेत, मालक फोनवरून म्हणायचा राहणाऱ्यानं द्यावेत. अण्णांकडं वाद नव्हता. "रोजचं राहणाऱ्याचं, जन्माचं मालकाचं. तू रोज जिना वापरतोस, तवा झाडल्याचं पैसं तू दे. पर तू उद्या जाशील, दोर हितंच ऱ्हाणार. दोराचं मालक देईल." आणि लाल पुस्तक पिशवीत घालून ते एसटीनं निपाणीला, गडहिंग्लजला मालकांच्या दारात जाऊन बसायचे.

एकदा कुणीतरी काढलं की ज्याचं घर मोठं त्यानं मधलं जास्त द्यावं. अण्णा म्हणाले, "का? जिना काय स्क्वेअर फुटानं चढतासा व्हय?" मग रंग द्यायच्या वेळी मोठ्या घरवाल्यानं सगळ्यांना सारखं म्हटलं, तर अण्णा उलटले. "रंग भितीला लागतो. तुमची भित मोठी. द्या जास्त." कुणाला ही मनमानी वाटायची. मलाही वाटायची. पुढं मी नियमांची पुस्तकं वाचली तेव्हा कळलं की शहाण्या माणसांनी चौकशा करून लिहिलंय ते थोड्याफार फरकानं हेच आहे.

आता ते गॅस सिलिंडरचं सांगायला पाहिजे.

एका उन्हाळ्यात लिफ्ट बंद पडली. दोर बदलायचा झाला. सगळ्या मालकांनी मान हलवली, पण तळमजल्यावरचे ट्रान्स्पोर्टवाले अडून बसले. "मी तळमजल्यावर. बापजन्मात लिफ्टमध्ये पाय ठेवला न्हाय. एक रुपाया देणार न्हाय." चार आठवडे गेले. आई तिसऱ्या मजल्यावर अडकून पडली. देऊळ नाही, भाजी नाही. खिडकीत बसायची आणि खानापूरकडच्या बायका स्वतःबद्दल 'गेलो, आलो' असंच बोलतात तसं म्हणायची, "कुणाच्यात जाणं न्हाय, कुणाच्यात येणं न्हाय. पिंजऱ्यातला राघू झालो बघ मी." खाली चाललेल्या बायकांना वरून हाका मारायची. एक दिवस तीही थांबली. जेवण कमी झालं. मला भीती वाटायला लागली.

अण्णा भांडले नाहीत. एका सकाळी ट्रान्स्पोर्टवाल्यांच्या दारात गेले. "तुमचं पैसं नगं. वरच्या आक्कांचा गॅस संपलाय. गाडीवाला खाली ठिवून गेला. एवढा सिलिंडर वर सोडून या, मग लिफ्टचा विषय कायमचा बंद."

दिवसाला दहा ट्रक माल हलवणारा माणूस, तो काय मागं सरतो? बाह्या वर करून उचलला सिलिंडर. पहिल्या मजल्यावर शर्ट भिजला. दुसऱ्यावर सिलिंडर टेकवून पायरीवर बसले. अण्णा मागून एकेक पायरी चढत होते आणि प्रत्येक दिव्याखाली थांबून भिंतीवरचं पेन्सिलीचं वाचून दाखवत होते. तिसऱ्या मजल्यावर आईनं दार उघडलं, त्यांना बघून पाण्याचा तांब्या आणला. "कशापायी वो येवढा तरास घेतलासा," म्हणाली, "माझ्यापायी लई लोकांस्नी तरास." तिच्या डोळ्यांत पाणी. ट्रान्स्पोर्टवाल्यांनी धापा टाकत तांब्या रिकामा केला. मग म्हणाले, "अण्णा, लाल पुस्तक काडा."

दोर आला, लिफ्ट सुरू झाली. आई सगळ्यात पहिली खाली उतरली आणि विनाकारण फाटकापर्यंत जाऊन आली.

आता मला जे सांगायचं नाहीये ते सांगते. अण्णांना ही बिल्डिंग सोडावी लागली ती माझ्या एका कागदामुळं.

आमची असोसिएशन कागदोपत्री कुठंच नव्हती. बँकेत खातं निघायचं नाही, लिफ्टच्या कंपनीशी करार करायचा तर सही कोणाची, हा घोळ. सगळं अण्णांच्या दोन पुस्तकांवर चाललेलं. मीच पुढाकार घेतला. बाई इंग्रजी शिकवतात, बाईंनी नियम लिहावेत, असं ठरलं. मला हुरूप आला. दुसऱ्या एका असोसिएशनचे छापील नियम मिळवले, रविवार घालवून व्यवस्थित उतरवून काढले. चौथा नियम होता, सभासद फक्त घराचे मालक होऊ शकतील आणि पदाधिकारी सभासदांमधूनच निवडले जातील. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. छापील होतं ना ते!

गच्चीवर टाकीच्या सावलीला मीटिंग भरली. मी मोठ्या झोकात एकेक नियम वाचून मराठीत सांगत गेले. चौथ्याला अण्णांनी हात वर केला.

"बाई, ती वळ परत वाचा."

मी वाचली.

"मालक म्हंजे कोण?"

"ज्याच्या नावावर घर आहे तो, अण्णा."

अण्णा उठले. कमरेचा जुडगा सोडला, संपाची, मीटरच्या खोलीची, मशीनची, गच्चीची, सगळ्या किल्ल्या त्यात. माझ्या कागदांवर तो ठेवला. "मग ह्या तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्यात."

सगळ्यांना वाटलं रुसले. ट्रान्स्पोर्टवाले हसत म्हणाले, "काय हो अण्णा, लगीनघरातल्या व्याह्यागत रुसलासा?"

"रुसतोय कशाला?" अण्णा म्हणाले. "मी मालक न्हवं. तीन नंबर माझा न्हाय. मी लीजवर हाय, बारा वर्सं झाली."

खाली रस्त्यावरून रिक्षा गेलेली ऐकू आली.

लीज म्हणजे आमच्या भागात काय, तर मालकाला एकदम मोठी रक्कम हातात द्यायची, भाडं नाही. घर सोडाल तेव्हा तेवढीच रक्कम परत, एक पैसा कमी नाही, एक पैसा जास्त नाही. कन्नडमध्ये कागदावर त्याला भोग्य म्हणतात. अण्णांनी निवृत्तीची सगळी पुंजी हुबळीच्या एका माणसाला देऊन तीन नंबरात बस्तान मांडलं होतं. आम्ही कधी विचारलंच नाही. त्यांच्या दारावर नावाची पाटी नव्हती हे त्या दिवशी खाली उतरताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. ते कधी 'माझं घर' म्हणत नसत, 'तीन नंबर' म्हणत.

मी म्हटलं, अण्णा, ओळ बदलते मी, आत्ता बदलते. तर म्हणाले, "का वो? चांगला लिवलाय नियम. दोराचं मालकानं द्यायचं तर दोराचं मालकानंच ठरवू दे." माझीच शिकवण माझ्या अंगावर आली असं झालं. शिकवण कसली, त्यांचीच.

आणि एवढ्यावर भागलं नाही. नोंदणीला प्रत्येक मालकाची सही पाहिजे. तीन नंबरच्या मालकाला हुबळीला पत्र घातलं कुणी? मीच. माझ्या वळणदार अक्षरात. बारा वर्षांत ज्याला या घराची सय झाली नव्हती तो माणूस गाडी घेऊन आला. संप बघितला, रंग बघितला, लिफ्टनं दोनदा वर जाऊन खाली आला. खूश झाला. अण्णांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बिल्डिंग छान मेंटेन केलीय तुम्ही लोकांनी."

अण्णांनी कानामागं हात धरला. "काय म्हणालासा?"

तो पुन्हा म्हणाला. आम्ही कोणी हसलो नाही.

अण्णांनी बिल्डिंग इतकी नीट ठेवली होती की तीन नंबरला चांगलं गिऱ्हाईक मिळालं. अण्णांना घर रिकामं करायला दोन महिन्यांची मुदत. लीजची रक्कम परत मिळाली, पै न् पै, हुबळीवाला त्या बाबतीत सरळ माणूस. पण बारा वर्षांपूर्वीच्या त्या पैशात आता अनगोळात एक खोलीसुद्धा मिळत नव्हती. आम्ही शोधलं. ट्रान्स्पोर्टवाल्यांनी वडगाव, शहापूर पालथं घातलं. मी शाळा सुटल्यावर रोज फिरले. लीजचे आकडे ऐकले की अण्णांसमोर तोंड उघडवेना. शेवटी ते म्हणाले, "सदलग्याला पुतण्या हाय. बोलावतोय. जातो."

गेले तेव्हा महिन्याची दहा तारीख होती, पण रोजचं पूर्ण महिन्याचं भरून गेले. ट्रान्स्पोर्टवाल्यांनी स्वतःचा टेम्पो दिला, भाड्याचं नाव काढू दिलं नाही. सामान एका फेरीत मावलं. अण्णा टेम्पोत बसायच्या आधी लिफ्टनं वर आले. ते तळमजल्याचे, लिफ्टमधून वर येताना त्यांना मी कधी बघितलं नव्हतं, जिन्यानंच चढायचे. दिवे बघत यायचं असायचं ना. आईला म्हणाले, "आक्का, येतो." आईनं चिवडा पुढं केला, तो ताटलीसकट घेऊन गेले. गडबडीत राहिली असेल. मी जिन्यात उभी राहून रडले, आणि रडता रडता माझ्या लक्षात आलं की दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलाय.

किल्ल्या माझ्याकडं आल्या. पुस्तकंही. हुबळीवाल्यानं घर विकण्याआधी असोसिएशनचं पत्र मागितलं की तीन नंबरची काही बाकी नाही. म्हणून लाल पुस्तक उघडलं. दोर, तीन नंबर, जमा. रंग, तीन नंबर, जमा. गच्ची, जमा. मी हुबळीला फोन करून सहज म्हटलं, तुम्ही वेळच्या वेळी देत आलात. तो म्हणाला, कशाचे? मी तर कधी काही दिलं नाही, मला कोणी मागितलंही नाही.

निपाणीच्या, गडहिंग्लजच्या मालकांकडं एसटीनं जाऊन बसणारा माणूस हुबळीला कधी गेलाच नव्हता. तीन नंबरचं जन्माचं त्यानं स्वतः भरलं होतं. घराचा मालक नसताना, ज्या लिफ्टमध्ये तो चढत नव्हता तिच्या दोरात त्याचा वाटा होता.

माझं डोकं सणकलं. मी हुबळीवाल्याला सांगितलं, ते पैसे भरा, मग पत्र. कुरकुरला, पण भरले. ते पाकिटात घातले, आईचा चिवडा घेतला आणि एका रविवारी बसनं सदलगा गाठला. मनात म्हणत होते, एवढं तरी मी नीट करतेय.

पुतण्याचं घर मोठं, उसाच्या कडेला, अंगणात ट्रॅक्टर. माणसं चांगली. सुनेनं लगेच चहा टाकला. अण्णा पुढच्या सोप्यात खाटेवर बसले होते. खाकी शर्ट होता, खिशाला टेस्टर नव्हता.

"अण्णा, घर दाखवा की," मी म्हटलं. त्यांना हुशारी यावी म्हणून.

"हितं काय दाखवायचं?" ते म्हणाले. "समदं पुतण्याचं हाय. दिवा गेला तर माणूस बोलावत्यात. मला म्हणत्यात, तुमी बसा निवांत. मधलं न्हाईच बघा हितं." मग विचारत सुटले. मोटर आवाज करते का? संप धुतला का? दोराला ग्रीस लावलं न्हवं? मी होय म्हटलं. खोटं बोलले.

मग पाकीट पुढं केलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही, त्याच्याकडं बघत राहिले.

"बाई," म्हणाले, "लीजचं पैसं परत आलं. जेवढं दिलतं तेवढंच आलं. म्हंजे बारा वर्सं मी तितं ऱ्हायलोच न्हाय, असं झालं की. आता ह्ये बी परत घेतलं, तर तितं माझं काय ऱ्हायलं?"

मी पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि चहा प्याले. निघताना त्यांनी आतून आईची ताटली आणून दिली, धुऊन पुसून. तिच्यात गुळाची एक अख्खी छोटी ढेप होती.

ते पैसे मी लाल पुस्तकाच्या खात्यात टाकले आणि दुसऱ्या दिवशी मशीनच्या खोलीत जाऊन, मेकॅनिकला उभं करून, दोराला ग्रीस लावून घेतलं. आता आमचा मेंटेनन्स फोनवर जमा होतो. कुणाला दार वाजवावं लागत नाही. तरी मी एक तारखेला साडेचारला खाली उतरते. कोणी नवीन राहायला आलं असेल तर म्हणते, चला, आधी दाखवते. लोक वैतागतात. तो वैताग मला ओळखीचा आहे. मला अण्णांची फार आठवण येते, सोसवणार नाही इतकी येते, आणि ती घरात बसून येत नाही. जिन्यात येते, गच्चीवर टाकीपाशी येते. भिंतीवर त्यांचं पेन्सिलीचं अक्षर अजून आहे. रंग देताना त्या जागा सोडायला मी रंगाऱ्याला बजावलं होतं.

मागच्या पावसाळ्यात पुतण्याचा फोन आला, अण्णा गेले. मी रजा टाकून सदलग्याला भेटायला गेले; माणूस गेला की त्याच्या घरी असं भेटून यायचं असतं. आईलाही यायचं होतं, हट्टच धरला होता, पण आता तिला बसची पायरी चढवत नाही. "अण्णांच्यात मी कधीच गेलो न्हाय," एवढंच म्हणत होती. तीन नंबरात तर दुसरेच राहतात.

संध्याकाळी परत आले तर घराचं दार सताड उघडं आणि आई आत नाही. मी घाबरले. हाका मारल्या. तेवढ्यात लिफ्ट खालून वर येताना ऐकू आली. दार उघडलं. आत आई एकटी उभी, एका हातात काठी, डोक्यावरून पदर घट्ट घेतलेला, डोळे सुजलेले.

"अगं, कुठं गेलतीस?" मी ओरडले.

"अण्णांच्यात," लिफ्टच्या भिंतीवर तळवा ठेवत आई म्हणाली. "भेटून आलो."